जर्मनीत जुनी मस्टँग सांभाळायची तर: इंजिन स्वस्त, पत्रा महाग

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही स्टुटगार्टला सॉफ्टवेअरमध्ये आहात, हाताशी 35 हजार युरो साठलेत आणि 1967 ची फोर्ड मस्टँग घ्यायची आहे. ती अमेरिकेतून आणावी की इथलीच घ्यावी, वर्षाला खर्च किती येईल, दोन वर्षांच्या मुलीला घेऊन फिरता येईल का, आणि पुढे पुण्याला परतताना गाडी नेता येईल का, हे तुम्ही विचारलंय. शिवाय नाशिकहून वडील म्हणतात की एवढ्या पैशात इकडे फ्लॅट बुक होईल, तर त्यांना काय सांगू?

मी इंजिनकाम कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकलो आणि गेली बरीच वर्षं बोब्लिंगेनजवळच्या एका वर्कशॉपमध्ये जुन्या अमेरिकन व्ही-8, म्हणजे व्ही आकारात चार-चार करून आठ सिलिंडर असलेल्या, गाड्यांवरच काम करतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी जरूर घ्या, पण इंजिनावर भुलून घेऊ नका. या गाड्यांमध्ये इंजिन हा सगळ्यात स्वस्तात निभावणारा भाग आहे. पैसा खातात ते पत्रा, कागदपत्रं आणि गाडी उभी करायची जागा.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. जाणकार लोक 1967 च्या साध्या मस्टँगला मसल कार, म्हणजे मध्यम आकाराची पण फार मोठ्या इंजिनाची गाडी, म्हणत नाहीत. मसल कारची सुरुवात सहसा 1964 च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून धरतात. पॉन्टिअॅक ही जनरल मोटर्सचीच शाखा, आणि जनरल मोटर्सचा अंतर्गत नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिअॅकचे इंजिनिअर जॉन डीलॉरिअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉन्टिअॅक टेम्पेस्टमध्ये 389 घनइंचांचं, म्हणजे जवळजवळ 6.4 लिटरचं इंजिन बसवलं आणि नवीन मॉडेल असं न दाखवता सुमारे 296 डॉलरचा ऑप्शन म्हणून विकलं. ते तुफान चाललं आणि मग सगळ्याच कंपन्या त्या वाटेला लागल्या. मस्टँग त्याच वर्षी, 17 एप्रिल 1964 ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात आली. ती आकाराने लहान, किंमत 2,368 डॉलर, आणि मूळ इंजिन साधं सहा सिलिंडरचं. म्हणजे मस्टँग घेताना आत काय आहे ते बघितल्याशिवाय तुम्ही नेमकं काय घेताय हे कळत नाही. सहा सिलिंडरवाली आणि 390 घनइंचांची जीटी लांबून सारखीच दिसते.

हे कळायला गाडीचा नंबरच पुरतो. 1967 च्या मस्टँगच्या चॅसी नंबरातलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं. टी असेल तर 200 घनइंचांचं सहा सिलिंडर, सी म्हणजे 289 घनइंचांचं व्ही-8 दोन बॅरलच्या, म्हणजे हवा घेणाऱ्या दोन नळ्यांच्या, कार्ब्युरेटरसह, ए म्हणजे तेच इंजिन चार बॅरलसह, के म्हणजे त्याचं हाय परफॉर्मन्स रूप आणि एस म्हणजे 390. तुमच्या बजेटमध्ये आणि तुमच्या वापरासाठी मी डोळे मिटून सी कोडची हार्डटॉप, म्हणजे पक्क्या छताची साधी दोन दारी, सांगेन. फास्टबॅक, म्हणजे छत मागे सलग उतरत जाणारी, दिसायला देखणी आहे यात वाद नाही, पण आज तिची किंमत हार्डटॉपच्या जवळपास दुप्पट सांगतात आणि त्यातला निम्मा पैसा मागच्या काचेच्या उतारासाठीच जातो.

आता ओढ कसली असते ते सांगतो, कारण वडिलांना उत्तर द्यायचं तर तेही सांगावं लागेल. या इंजिनाच्या आवाजामागे एक साधं यांत्रिक कारण आहे. क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, चार पिना एकमेकींशी 90 अंशांत असतात. आठ सिलिंडर मिळून बघितले तर ठोके समान अंतराने पडतात, पण एकाच बाजूचे चार सिलिंडर वेगळे काढून ऐकले तर त्यांच्या ठोक्यांमधलं अंतर कधी 90 अंश, कधी 180, कधी 270 असं बदलतं. दोन्ही बाजूंना वेगळे पाइप असले की ती असमान लय सायलेन्सरमधून जशीच्या तशी बाहेर येते. थंडीतल्या सकाळी चोक देऊन सुरू केलेलं 289 आधी थोडं अडखळतं, मग तेल वर चढल्यावर आवाज जाड होत जातो आणि हळूहळू एका लयीत बसतो. एवढं काम करूनही तो ऐकायला मी हातातलं काम थांबवतो.

दुसरं आकर्षण म्हणजे ताकद खालीच मिळते. सी कोडचं इंजिन कागदावर 200 हॉर्सपॉवरचं, पण त्या काळात अमेरिकेत एअर फिल्टर, पंखा, अल्टरनेटर, पूर्ण एक्झॉस्ट यातलं बरंच काही न जोडता नुसतं इंजिन मोजायचे, त्यामुळे चाकापर्यंत येणारी ताकद बरीच कमी असते. 1972 पासून ही पद्धत बदलली आणि त्याच गाड्यांचे आकडे कागदावर धाडकन खाली आले. टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, मात्र भरपूर आहे: त्याच पद्धतीने मोजलेला कागदावरचा आकडा 382 न्यूटनमीटर, आणि तोही मिनिटाला 2400 फेऱ्यांनाच. सिग्नलवरून गाडी घाई न करता निघते आणि तुम्ही मागे सीटला टेकता. 1960 च्या दशकातल्या बहुतेक युरोपीय गाड्यांमध्ये हे सुख नव्हतं, त्यांना आरडाओरड केल्याशिवाय वेग यायचा नाही.

तिसरं माझ्यासाठी सगळ्यात मोठं आहे. या इंजिनात जे घडतं ते डोळ्यांना दिसतं आणि हाताला कळतं. इंजिन हवा किती जोराने ओढतं ते दाखवणारं व्हॅक्यूम गेज लावलं आणि काटा 18-19 इंचांवर स्थिर राहिला तर इंजिनाची तब्येत ठणठणीत. काटा एका लयीत खाली झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. काटा स्थिर पण खूप खाली असेल तर टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे आहे किंवा कुठेतरी हवा आत येतेय. एक गेज, एक टायमिंग लाइट, पॉइंटचा गॅप मोजायला फीलर, एवढ्यावर शनिवारी सकाळी गाडी ट्यून होते. तुम्ही दिवसभर संगणकावर काम करता, तुम्हाला याची चव नक्की लागेल.

जर्मनीत या गाड्या इतक्या का, असा प्रश्न पडतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कर दक्षिण जर्मनीत मुक्कामाला राहिलं. सैनिक बदलीवर येताना गाड्या बोटीने घेऊन यायचे, जाताना काही इथेच विकून जायचे. तुमच्याजवळच्या फायहिंगेनमधल्या पॅच बॅरॅक्समध्ये आजही अमेरिकेच्या युरोपीय कमांडचं मुख्यालय आहे. कंपन्याही थेट विकायच्या. मस्टँग हे नाव मात्र जर्मनीत फोर्डला वापरता येत नव्हतं, कारण ते क्रुप या जर्मन कंपनीच्या ट्रकसाठी नोंदवलेलं होतं. म्हणून 1970 च्या दशकाच्या अखेरपर्यंत इथे ही गाडी टी-5 या नावाने विकली गेली. अस्सल टी-5 ला संग्राहक थोडे जास्त पैसे देतात. पण ते बिल्ले नवीन बनवून मिळतात, त्यामुळे निव्वळ बिल्ला बघून जास्त पैसे देऊ नका. 1967 आणि नंतरच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट मिळतो. कंपनीच्या मूळ नोंदींवरून काढलेला तो कागद आहे, गाडी कुठल्या रंगात, कुठल्या इंजिनासह, कुठे जाण्यासाठी बनली ते त्यात असतं. विक्रेत्याकडे नसेल तर स्वतः मागवा, खर्च किरकोळ आहे.

आता मुख्य प्रश्न: आणायची की इथे घ्यायची?

अमेरिकेतली जाहिरात स्वस्त दिसते हे खरं. समजा गाडी 25 हजार युरोंना पडली आणि बोटीसकट ब्रेमरहाफेन बंदराला येईपर्यंत अडीच हजार लागले. 30 वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्थितीतली आणि उत्पादन बंद झालेली गाडी कस्टम्सने संग्राह्य वस्तू म्हणून मान्य केली तर सीमाशुल्क शून्य आणि आयातीवर 7 टक्के कर, म्हणजे साधारण 1,925 युरो. तसं मान्य केलं नाही आणि सर्वसाधारण मोटारगाडी धरली तर जुन्या दराने 10 टक्के शुल्क आणि त्यावर 19 टक्के कर, मिळून साडेआठ हजारांच्या घरात जातं. हे दर अधूनमधून बदलतात, व्यवहाराआधी कस्टम्सच्या संकेतस्थळावर खात्री करा. गाडीत नवं इंजिन, नवा गिअरबॉक्स, बदललेलं सस्पेन्शन असेल तर संग्राह्य म्हणून मान्यता अडते. म्हणजे ज्या गाडीवर मालकाने हौसेने जास्त खर्च केलाय तीच इथे जास्त महाग पडू शकते.

एवढ्यावर भागत नाही. अमेरिकी टायटल, म्हणजे मालकीचा कागद, मूळ प्रतीत हवं, कस्टम्स भरल्याचा दाखला हवा, मग तांत्रिक तपासणी संस्थेकडून, म्हणजे ट्यूफ किंवा तत्सम, पूर्ण गाडीचा अहवाल, आणि वर ऐतिहासिक गाडी म्हणून वेगळा अहवाल. हेडलाइट अमेरिकन सीलबंद बल्बच्या असतात, त्या काढून इथल्या प्रमाणनाच्या बसवाव्या लागतात. मागचे इंडिकेटर अमेरिकेत लाल असायचे. 1 जानेवारी 1970 च्या आधी पहिल्यांदा रस्त्यावर आलेल्या गाडीला जर्मनीत ते लालच चालतात, नंतरच्या गाडीला पिवळे करून द्यावे लागतात. 1967 ची निवड इथे आपोआप तुमच्या बाजूची ठरते. नंबरप्लेटची एक कटकट आहे. अमेरिकन गाडीत प्लेटची जागा साधारण 30 बाय 15 सेंटिमीटरची असते आणि इथली दोन ओळींची प्लेट 20 सेंटिमीटर उंच. लहान प्लेट हवी तर नोंदणी कार्यालयात अपवाद मागावा लागतो, आणि तो मिळेलच याची हमी नाही.

माझा सल्ला सरळ आहे. जी गाडी जर्मनीत आधीच एच प्लेटवर, म्हणजे ऐतिहासिक गाडीच्या नंबरप्लेटवर, नोंदलेली आहे आणि जिचं पासिंग नुकतंच झालंय, तीच घ्या, मग अमेरिकेपेक्षा पाच-सात हजार जास्त गेले तरी चालतील. तेवढे पैसे दुसऱ्या वाटेने जाणारच असतात, शिवाय दोन-तीन महिने गाडी उभी राहते ते वेगळं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुम्ही ती खालून बघू शकता.

खालून बघणं म्हणजे काय, ते जरा नीट सांगतो, कारण सगळा खेळ इथेच आहे. मस्टँगला वेगळी चॅसी नाही, पत्र्याचा सांगाडाच गाडी पेलतो. बोनेटच्या मागे, समोरच्या काचेखाली हवा आत घेणाऱ्या जाळ्या आहेत. त्यांच्याखाली पत्र्याची एक बंद पेटी आहे, तिला काउल म्हणतात. पानं, माती आणि ओल तिथे वर्षानुवर्षं साचते आणि पेटी आतून गंजते. बाहेरून काहीही दिसत नाही, वरचा रंग आरशासारखा असतो. गाडी बघायला जाताना दोन लिटर पाण्याची बाटली आणि टॉर्च न्या. डॅशखालचा गालिचा उचला, एकाला आत बसवा आणि जाळीत सावकाश पाणी ओता, आधी एका बाजूला, मग दुसऱ्या. पाणी पुढच्या मडगार्डच्या मागून खाली जमिनीवर पडायला हवं. हीटरच्या बाजूने किंवा ड्रायव्हरच्या पायांपाशी थेंब आला, तर काउल कुजलेला आहे. तो दुरुस्त करायला पुढची काच, बोनेट, दोन्ही मडगार्ड उतरवायचे, मग काउलचा वरचा पत्रा धरून ठेवणारे स्पॉट वेल्ड एकेक करून ड्रिलने सोडवायचे, नवी पेटी बसवायची, पुन्हा वेल्डिंग आणि रंग. एका कारागिराचे दोन आठवडे सहज जातात. इथे मजुरी तासाला शंभर युरोंच्या वर आहे. हिशेब आठ-दहा हजारांचा होतो.

पाण्यानंतर चुंबक. कागदात गुंडाळलेलं साधं चुंबक चाकांच्या वरच्या कमानींवर, दारांच्या खालच्या कडेला, मागच्या चाकामागे फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. मग गाडी लिफ्टवर घ्या. फ्लोअर पत्र्यावर पत्रा चढवून झाकलेलं आहे की जुना कापून नवा बसवलाय? पुढच्या लांब पट्ट्या, कोपऱ्यांवरच्या पेट्या, स्प्रिंगच्या उंच बुरुजांभोवतीच्या भेगा बघा. खालून ताजा काळा लेप फासलेला असेल तर मी संशयाने बघतो. एका गिऱ्हाईकाने कोरड्या वाळवंटी राज्यातली म्हणून फोटोंवरून गाडी मागवली होती. माझ्याकडे लिफ्टवर आली, काळ्या लेपाखाली स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि तो पट्टीच्या आत गेला. इंजिन मात्र सुरेख होतं, पहिल्या झटक्यात सुरू व्हायचं. त्या गाडीच्या खरेदीएवढाच खर्च पत्राकामावर झाला.

इंजिन स्वस्त म्हणतोय त्याचं कारण उलट बाजूने बघा. 289 आणि त्याच्या भावंडांचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, कॅम, वॉटर पंप, गॅस्केट सगळं आजही नवं बनतं, अमेरिकेतून आठवड्याभरात येतं, आणि जर्मनीतही साठा करणारे विक्रेते आहेत. पाठवणावळ आणि आयात कर धरूनसुद्धा एखाद्या दहा वर्षं जुन्या जर्मन गाडीच्या सेन्सरपेक्षा आख्खा वॉटर पंप स्वस्त पडतो. हत्यारं मात्र वेगळी घ्यावी लागतील. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, तिथे 13 चा पाना बसतो असं वाटतं आणि जुना घट्ट नट गोल होऊन बसतो. इंचाच्या पान्यांचा आणि सॉकेटचा एक चांगला सेट आधी घ्या, मग गाडी.

आता वर्षाचा हिशेब. एच प्लेटला रस्ता कर सरसकट 191.73 युरो, इंजिन कितीही मोठं असो. ती नसती तर प्रदूषण वर्ग नसलेल्या पेट्रोल गाडीला दर 100 सीसीला 25.36 युरो, म्हणजे 4.7 लिटरला 1,217 युरो. शिवाय एच प्लेटवर स्टुटगार्टच्या पर्यावरण क्षेत्रात हिरव्या स्टिकरशिवाय जाता येतं. विमा जुन्या गाड्यांसाठी वेगळा मिळतो, तीन-चारशे युरोंपासून पुढे, पण त्यांच्या अटी वाचा: रोजची दुसरी गाडी हवी, वर्षाचे किलोमीटर ठरलेले, गाडी शक्यतो बंद गॅरेजात. मूल्यांकनाचा अहवाल करून घ्या, नाहीतर अपघातानंतर किंमत कमी धरली जाते. दर दोन वर्षांनी पासिंग. धुराची चाचणी मात्र 1 जुलै 1969 च्या आधीच्या पेट्रोल गाड्यांना लागत नाही.

पेट्रोल 100 किलोमीटरला 16 ते 18 लिटर धरा. सी कोडच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन फार चढं नाही, 95 चं सुपर चालतं. दहा टक्के इथेनॉलवालं ई10 मात्र टाळा, जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरचे भाग त्याने लवकर खराब होतात. अमेरिकन मॅन्युअलमधला ऑक्टेनचा आकडा आणि इथल्या पंपावरचा आकडा एकच नाही हे लक्षात ठेवा. तिकडचं आजचं 91 हे इथल्या साधारण 95-96 ला येतं. वर्षाला तीन हजार किलोमीटर फिरलात तर हजार युरोंचं पेट्रोल होईल. लोकांना वाटतं या गाड्या पेट्रोलने माणसाला भिकेला लावतात. इतक्या कमी वापरात पेट्रोल हा खर्च गॅरेज आणि दुरुस्तीनंतर तिसऱ्या नंबरवर येतो.

खरा महिन्याचा चटका गॅरेजचा. स्टुटगार्टमध्ये कोरडं बंद गॅरेज महिन्याला शंभराच्या वरच मिळतं, तेही नशिबाने. मोजून घ्या. 1967 ची मस्टँग 4.66 मीटर लांब आणि 1.80 रुंद आहे, ती बसेल. पण दारं लांबलचक आहेत, भिंतीला लागून उभी केलीत तर उतरताना कसरत होईल. तुमच्या डोक्यात नंतर कधी डॉज चार्जर घ्यायचं असेल तर ती जवळजवळ 5.3 मीटर आहे आणि रुंदी आरशांशिवाय 1.95, ती गॅरेजातही मावत नाही आणि ऑटोबानवर काम चालू असेल तेव्हा डाव्या अरुंद लेनमध्येही मावत नाही.

तेल, पॉइंट, पट्टे वगैरे सर्व्हिसचे तीनशे, आणि काहीतरी निघेल म्हणून दोन हजार बाजूला. सगळं मिळून वर्षाला पाच हजारांच्या आसपास, गॅरेजसकट. पत्रा चांगला असेल तर. तुमच्या 35 हजारांतले 28-30 हजार गाडीला लावा, बाकीचे हातात ठेवा. सगळे पैसे खरेदीत घातले की पहिल्याच वर्षी गाडी झाकून ठेवायची वेळ येते.

चालवण्याबद्दल. ही गाडी ऑटोबानवर 130 ने जाते, पण तीन गिअरचा ऑटोमॅटिक असेल तर इंजिन तीन हजारांच्या वर फिरत राहतं आणि तासाभरात कान थकतात. चारही चाकांना ड्रम ब्रेक असतील तर एकदा जोरात थांबवल्यावर दुसऱ्यांदा तसंच थांबेल ही खात्री नाही. उतारावर तर मुळीच नाही. 1967 पासून मस्टँगमध्ये ब्रेकचं दुहेरी सर्किट आलं, एक फुटलं तरी दुसरं काम करतं. त्याआधीच्या गाडीत ते नव्हतं, म्हणून मी कुटुंबवाल्यांना 65-66 ची सांगत नाही. पुढे डिस्क ब्रेक बसवून घ्या. त्या काळात ते फोर्डच्या ऑप्शनमध्ये होते, त्यामुळे एच प्लेटला बाधा येत नाही. रेडियल टायर हवेतच. एवढं केलंत की श्वेबिशे आल्ब डोंगररांगेच्या वळणांवर किंवा सॉलिट्यूडच्या जुन्या शर्यतीच्या रस्त्यावर रविवारी सकाळी ही गाडी मनापासून फिरते. सायलेन्सर मात्र कागदावर असलेलाच ठेवा. मंजुरी नसलेला मोठ्या आवाजाचा लावला तर गाडीचा परवानाच रद्द धरला जातो, आणि शेजाऱ्यांनी तक्रार केली तर त्यांचं चूक नाही.

मुलीबद्दल जरा कडक बोलतो. ज्या गाडीत पट्टे नाहीत तिच्यात तीन वर्षांखालच्या मुलाला न्यायला जर्मनीत बंदी आहे. 1967 च्या मस्टँगमध्ये कमरेचे पट्टे असतात, तीन बिंदूंचे नाहीत. आजच्या बहुतेक बालआसनांना तीन बिंदूंचा पट्टा किंवा आयसोफिक्स, म्हणजे सीटमधल्या कड्यांना आसन अडकवायची सोय, लागते. मागच्या सीटला तीन बिंदूंचे पट्टे बसवता येतात, पण आधार पक्का वेल्ड करून आणि पासिंगला दाखवून. ते होईपर्यंत मुलगी गाडीत नाही. गाडीला पुढे चुरगळून धक्का शोषणारी रचना नाही, स्टिअरिंगचा दांडा सरळ छातीकडे येतो. हळू आणि मोकळ्या रस्त्याला चालवण्याची ही गाडी आहे.

पुण्याला नेण्याचा विचार मनातून काढा. गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, आपल्याकडे ते उजवीकडे असतं, आणि जुन्या गाडीवरची आयात शुल्कं गाडीच्या किमतीच्याही वर जातात. परत जाताना इथेच विका. नीट कागदपत्रं आणि नीट पत्रा असलेल्या हार्डटॉपला इथे गिऱ्हाईक मिळतं. भारतात मस्टँगच हवी असेल तर फोर्डने 2016 मध्ये उजव्या स्टिअरिंगची 5.0 लिटर जीटी तिकडे सुमारे 65 लाखांना विकायला काढली होती. फोर्डने भारतातलं उत्पादन बंद केलं असलं तरी त्या गाड्या जुन्या बाजारात कधीमधी येतात.

वडिलांना खरं तेच सांगा: ही गुंतवणूक नाही. साध्या हार्डटॉपची किंमत महागाईच्या वेगाने वाढत नाही आणि दुरुस्तीवर घातलेला पैसा विकताना परत येत नाही. फ्लॅटचे हप्ते चालू असतील किंवा चालू करायचे असतील तर आधी तेच. ते जमवूनही वर्षाला पाच हजार आणि आठवड्यातले काही तास तुम्हाला यावर आनंदाने घालता येत असतील, तर मी तुमच्या बाजूने आहे, आणि त्यांना माझ्याशी बोलायचं असेल तर जरूर बोलू द्या.

गाडी पसंत पडली की पैसे द्यायच्या आधी मला पाच फोटो पाठवा: चॅसी नंबर, दारावरची माहितीची पट्टी, गालिचा उचलून दोन्ही बाजूंचं फ्लोअर, खालून पुढच्या पट्ट्या, आणि स्प्रिंगचे बुरुज बोनेट उघडून. सोबत शेवटच्या पासिंगचा अहवालही जोडा, त्यात किरकोळ म्हणून लिहिलेल्या ओळी सगळ्यात आधी वाचायच्या असतात.